खडकीतला खड्डा

बाबुराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, पण कारखान्याने त्यांना सोडले नव्हते. नोकरीला लागताना गुप्ततेच्या कागदावर सही केली होती. तेव्हापासून चौतीस वर्षे त्यांनी घरातसुद्धा कामाबद्दल शब्द काढला नाही. बायकोने, कांताबाईंनी विषय काढला, की ते उठून रेडिओ मोठा करत.

अशा घरातली मुलगी आम्रपाली आयटी कंपनीत लागली आणि जेवताना कौतुकाने सांगू लागली, की अवकाशातून रडारने जमिनीची उंची मोजलीय, सगळे पुणे आता तिच्या स्क्रीनवर आहे. बाबुरावांनी हातातला घास ताटात ठेवला.

"खडकीसुद्धा?"

"हो बाबा. खडकीला काय सोनं लागलंय?"

त्यानंतर बाबुरावांना चैन पडेना. कारखाना त्यात दिसला, तर आपली पेन्शन जाणार, हे ते धरूनच चालले. गॅलरी ते स्वयंपाकघर येरझाऱ्या सुरू झाल्या. यात फक्त उंची कळते, नव्वद मीटरला एक ठिपका असतो, असे आम्रपालीने परोपरीने सांगितले. पण 'तेवढी खडकी काढून टाक' हे पालुपद संपेना. शेवटी त्यांनी जेवण सोडले. तेव्हा तिने ऑफिसात नकाशाची प्रत काढली, खडकीची उंची शून्य केली आणि प्रिंट घरी आणून दाखवला. खडकीच्या जागी कोरा चौकोन पाहून बाबुराव दोन भाकरी जास्त जेवले.

घोळ एवढाच झाला, की परदेशी गिऱ्हाइकाला घाईघाईत तीच प्रत गेली. त्यांना पुराचा अंदाज बांधायचा होता. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आणि मध्येच खडकी शून्यावर, म्हणजे साडेपाचशे मीटरचा खड्डा. त्यांच्या संगणकावर नद्या त्यात कोसळल्या त्या बाहेरच येईनात. इथे नेमके आहे तरी काय, अशी विचारणा आली. जिकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते, तिकडे आता अख्खी कंपनी डोळे लावून बसली.

आम्रपाली अजून नोकरीत कायम झाली नव्हती. तिच्यावर गदा येणार हे कळताच बाबुराव इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या वरिष्ठ नीरजा मॅडमसमोर उभे राहिले.

"मॅडम, चूक माझी आहे. पोरीला काढू नका. फक्त तिथं काय आहे, ते विचारू नका."

मॅडमनी काही न विचारता खरा नकाशा उघडला. बाबुराव चष्मा सावरत वाकले. करड्या ठिपक्यांत कारखाना तर नाहीच, साधी चिमणीही सापडेना. आम्रपालीचे ताकिदीवर निभावले. बाबुरावांना सुटल्यासारखे वाटले, तरी परतताना बसमध्ये ते जरा हिरमुसलेच होते.

"दिसला का कारखाना?" कांताबाईंनी दारातच विचारले.

"काहीच दिसत नाही."

"दिसणार कसं? तुम्ही लाकडी खोकी ठोकायचात. आकाशातून खोकी दिसतात होय?"

बाबुराव चपला काढता काढता थांबले. "तुला कुणी सांगितलं?"

"अहो, चौतीस वर्षं तुमच्या खिशातला भुसा मीच झटकलाय."

 बाबुरावांनी आत जाऊन रेडिओ मोठा केला.