वालावरच्या छत्र्या

आमच्या शेजारच्या दत्तूभाऊंच्या हातात पावसात उघडी छत्री मी पुष्कळदा पाहिली आहे, पण त्या छत्रीखाली ते स्वतः कधी दिसले नाहीत. छत्री वालाच्या रोपांवर आणि दत्तूभाऊ बाहेर. टोपी भिजून कपाळावर आलेली, सदरा पाठीला चिकटलेला, आणि अशा अवस्थेत ओरडायचं मात्र माझ्यावर, "बाई, भिजाल ना! आत व्हा आधी!"

बाई म्हणजे मी. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे निवृत्त झाले तरी दहिवलीच्या या टोकाला मला कुणी नावाने हाक मारत नाही. दत्तूभाऊ वयाने माझ्याहून चांगलेच मोठे, पण त्यांच्याही लेखी मी बाईच.

यंदाचा हिवाळा हा हिवाळा म्हणायच्या लायकीचा नव्हता. संक्रांत झाली आणि आभाळ भरून आलं, ते ऐन माघातही हटेना. मागच्या दारातून आम्हाला माथेरानचा डोंगर दिसतो, तो आठवडेच्या आठवडे ढगात. मधूनच पावसाची सर, मग नुसतीच चिकचिक. कपडे वाळेनात, पापड मऊ पडले, कुंड्यांतल्या माझ्या शेवंत्या उभ्या जागी कुजल्या, गुलाबांवर भुरी आली. आंब्याचा मोहोर काळा पडून अंगणात गळत होता आणि मी तो रोज सकाळी चडफडत झाडत होते. अशा हवेत माझा स्वभाव काही सुधारत नाही. आमचे हे त्या दिवसांत वर्तमानपत्र सुद्धा दुसऱ्या खोलीत बसून वाचत.

दत्तूभाऊंचं दुःख माझ्यापेक्षा मोठं होतं, कारण त्यांचा वाल होता. आमच्या भागात वालाला पाणी घालत नाहीत. भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल टाकायचा, आणि पुढे त्याने रात्रीच्या दंवावर वाढायचं. पाण्यावरच्या वालाला ती चव नसते म्हणतात. मला दोन्ही सारखेच लागतात, पण हे दत्तूभाऊंच्या तोंडावर सांगायची माझी छाती नाही. त्यांच्या शेताच्या जागी केव्हाच इमारती उभ्या राहिल्या. उरला तो घरामागचा एक लांबट वाफा. जो वाल बादलीभर पाण्यानेही बिघडतो, त्याच्यावर यंदा आभाळच बादल्या ओतत होतं.

म्हणून छत्र्या. पहिल्या सरीला त्यांनी घरातली छत्री रोपांवर धरली. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात उभे. "बाई, छत्री द्या. जुनी द्या. काड्या मोडलेली बी चालंल." मग आळीतलं एकही घर सोडलं नाही. नवरात्रानंतर माळ्यावर गेलेल्या सगळ्या छत्र्या खाली आल्या. लेडीज छत्र्या, शाळेच्या छत्र्या, दांडा नसलेल्या, भोकं पडलेल्या. चौक गावच्या एका ढाब्यावरून तर कोल्ड्रिंकची जाहिरात असलेली ती भलीमोठी छत्री टेंपोतून आली. प्रत्येक छत्री बांबूच्या काठीला बांधून वाफ्यात रोवलेली. दुरून पाहिलं तर खाली माणसंच नसलेली जत्रा भरल्यासारखी वाटायची. एकदा एक वाटसरू त्यांना छत्री दुरुस्त करणारा समजून आपली मोडकी छत्री देऊन गेला. दत्तूभाऊंनी ती बिनदिक्कत ठेवून घेतली. कधी येऊ, असं त्याने विचारलं तेव्हा म्हणाले, "दंव पडू दे, मग बोलू."

हे त्यांचं पालुपद. गॅस सिलेंडरवाला सुट्टे मागायला लागला की, "दंव पडू दे, मग बोलू." डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायला सांगितलं, त्यालाही हेच उत्तर. घराची जागा विकत मागायला एक दलाल भर मे महिन्यात आला होता. घामाने थबथबलेल्या त्या माणसाला हे दंवाचं काही कळेना. भाव वाढवायची ही स्थानिक पद्धत असावी असं समजून तो पुढे कितीतरी महिने फोन करत राहिला.

मुळात हे बोलणं वेडगळ नाही. पूर्वी इथे भाताची कामं उरकेपर्यंत कुणाला डोकं खाजवायला फुरसत नसे. दिवाळीनंतर दंव पडायला लागलं की माणसं शेकोटीभोवती टेकायची आणि मग लग्नं, वाटण्या, रुसवेफुगवे काय ते बोलून घ्यायची. दत्तूभाऊंच्या बाबतीत घोटाळा एवढाच झाला, की दंव पडून टोपी भिजली तरी ते बोलायचे नाहीत.

संध्याकाळ झाली की ते वाफ्यात शिरून एकेक छत्री मिटत. दिवसा पावसापासून आडोसा, रात्री दंवाला वाट. रोज उघडायच्या, रोज मिटायच्या. एकदा माझ्याच्याने राहवलं नाही.

"अहो दत्तूभाऊ, आभाळ असलं की दंव पडत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत ना?"

"खरं हाय बाई."

"मग मिटता कशाला? रात्री पाऊस आला तर?"

"आला तर उठीन." आणि पुढची छत्री मिटता मिटता म्हणाले, "पडायचं मनात आलंच दंवाच्या, तर त्याला वाट नको?"

मी घरात गेले आणि आमच्या ह्यांच्यावर उगीचच ओरडले.

सकाळी ते पानांवर चुलीतली राख टाकत, मावा पडू नये म्हणून. दुपारी सर येऊन ती धुऊन जाई. मग दुसऱ्या दिवशी परत राख. मोतीबिंदूमुळे बारीक किडा दिसायचा नाही, म्हणून प्रत्येक शेंग बोटांनी चाचपून पाहायची. हे सगळं एवढ्याशा वालासाठी, आणि वाल पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात पाल्याखाली भाजायच्या शेंगांसाठी. बाजारात गोणीने वाल मिळतो. पण बाजारच्या शेंगांची पोपटी लावायची म्हणजे दत्तूभाऊंच्या दृष्टीने दुसऱ्याच्या घरचं श्राद्ध जेवून आपले पितर तृप्त झाले म्हणण्यासारखं होतं. आणि यंदाची पोपटी त्यांना चुकवायची नव्हती. त्याचं कारण नितीन.

नितीन म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा विद्यार्थी. निबंधात कधी अर्ध्या पानाच्या पुढे गेला नाही, पण पोरगा सरळ. आई गेली तेव्हा तो कॉलेजात होता. नंतर या दोघांनी मिळून भाकऱ्या जाळल्या आणि खाल्ल्या. त्याचं लग्न ठरलं तेव्हा तो बापाला म्हणाला, "आबा, घरावर एक मजला चढवतो. आमी वर राहू, तुमी खाली." दत्तूभाऊ म्हणाले, "दंव पडू दे, मग बोलू." दंव पडलं. दत्तूभाऊ वाल पेरण्यात गुंतले. पुढच्या वर्षी नितीनने परत विचारलं, परत तेच. त्याच्या पुढच्या वर्षी त्याने विचारलं नाही. शेलूला फ्लॅट घेतला आणि बायकोला घेऊन निघून गेला. भांडण नाही, तंटा नाही. सामान टेंपोत चढवताना दत्तूभाऊंनी स्वतः हात लावला, हे मी खिडकीतून पाहिलं आहे.

शेलू म्हणजे काही परदेश नव्हे. लोकलने मध्ये भिवपुरी आणि नेरळ, की आलंच. पण नितीन सणावारालाही येईनासा झाला. औषधाचं विचारायला सुनेचा फोन येतो, तेवढाच. मला विचाराल तर दत्तूभाऊंच्या मनात पहिल्या दिवसापासून हो होतं. पण मनातलं हो शेलूपर्यंत ऐकू जात नाही.

आणि पोपटीचा इथला रिवाज असा, की तिचं आमंत्रण करत नाहीत. "पोपटीला या" असं कुणी म्हणायचं नाही. मडक्याभोवती जाळ केला की "लागली" एवढंच सांगायचं, ज्याला यायचं तो आपसूक येतो. जाळ करायच्या आधी सांगणंही चालत नाही, कारण ते खोटं ठरतं. गेल्या वर्षी दत्तूभाऊंनी तेही सांगितलं नाही. नितीन वाट पाहत बसला असेल, आणि दत्तूभाऊ इकडे वाट पाहत बसले. मडकं फोडलं तेव्हा खायला मी आणि आमचे हे.

"यंदा सांगनार हाय," माघ लागला तेव्हा ते मला म्हणाले होते.

"काय सांगणार?"

"लागली म्हनून." एवढं बोलतानाही त्यांना दम लागला होता.

म्हणजे त्या वाफ्यावर काय काय टांगलेलं होतं, बघा. शेंगा जगल्या तर पोपटी, पोपटी लागली तर फोन. नाहीतर आणखी एक वर्ष.

अर्ध्या रोपांवर शेंगा धरल्या. एका रविवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. बारीक पाऊस भुरभुरत होताच. पेंढा आणि गोवऱ्या त्यांनी कोरड्या राहाव्यात म्हणून स्वतःच्या खाटेखाली रचून ठेवल्या होत्या. पंधरवडाभर माणूस गोवऱ्यांवर झोपला होता. भांबुर्ड्याचा पाला मात्र भरपूर. रस्त्याकडेला उगवणारं ते रानटी झुडूप लोक उपटून टाकतात. दत्तूभाऊ ते कुंपणाला हौसेने वाढवतात, कारण त्याच्या पाल्याशिवाय पोपटीला वास येत नाही. साऱ्या बागेत त्या एकट्यालाच ही हवा मानवली होती.

मडक्यात पाला, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, जाडं मीठ, ओवा, आणि तोंडाशी पुन्हा पाला गच्च दाबून त्यांनी मडकं उपडं घातलं. चौकची ती मोठी छत्री बांबूवर धरून आमचे हे उभे राहिले. पेंढा पेटला तो आधी नुसताच धुमसला, आणि मग एकदम असा भडकला, की छत्रीवरची कोल्ड्रिंक पिणारी बाई गळ्यापर्यंत वितळली. आमचे हे ओरडत मागे सरले. दत्तूभाऊ खूप दिवसांनी हसले.

मग त्यांनी हात धुतले, टोपी सारखी केली आणि खिशातून फोन काढला. ऐकू कमी येतं म्हणून ते नेहमी स्पीकर लावून फोन हातभर लांब धरतात. त्यामुळे पुढचं सगळं आम्हालाही ऐकू आलं.

"हां आबा, बोला."

"नित्या..." त्यांनी एकदा जाळाकडे पाहून खात्री केली. "पोपटी लागली रं."

पलीकडे कुठेतरी टीव्ही चालू होता. तो बंद झाला. पेंढा चरचरत होता, छत्र्यांवर पाऊस वाजत होता. मी मनातल्या मनात त्या पोराला सांगत होते, अरे, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी वेळेवर बोललाय. हो म्हण.

"दंव पडू द्या आबा," नितीन म्हणाला. "मग बोलू."

आवाज चढलेला नव्हता. टोमणाही वाटला नाही. दमलेला वाटला. फोन बंद झाला.

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! वर्गात असता तर बाकावर उभा केला असता. बापाचे शब्द बापालाच परत करतो! पण मग मी दत्तूभाऊंकडे पाहिलं. ते फोनकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हताच.

"बगा बाई," ते म्हणाले, "डिट्टो माजाच आवाज."

जाळ बसल्यावर त्यांनी ओल्या हाताने मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. पोपटी झाली होती.

आम्ही शेंगा सोलून खाल्ल्या. पावसाने पाणचट झाल्या होत्या. मला वालातला फरक कळत नाही असं मी म्हणत आले, पण त्या दिवशी कळला. "गोड आहेत हो," मी म्हटलं.

"खोटं बोलता बाई," दत्तूभाऊ म्हणाले, आणि रताळ्याचा मोठा तुकडा माझ्या पानावर ठेवला. स्वतः त्यांनी चार दाणे खाल्ले असतील.

उठताना माझं वाफ्याकडे लक्ष गेलं. पलीकडच्या ओळीतल्या शेंगा तशाच होत्या, एकही तोडलेली नव्हती.

"ह्या कशाला ठेवल्यात?"

"दुसऱ्या पोपटीला. बोलला ना तो, दंव पडल्यावर बोलू म्हनून. नाय असं तर नाय बोलला."

"अहो, त्याचा अर्थ नाहीच होतो!" मी चिडूनच म्हटलं. अशा वेळी गप्प बसायला हवं हे मला कळतं, जमत नाही.

"तसं नाय, बाई." ते राखेत काडी फिरवत होते. "मी जवा जवा त्याला तसं बोललो, तवा माज्या पोटात हो असायचं. माजाच पोर हाय. त्याच्या बी पोटात हो असंल."

"मग म्हणायचं होतंत ना हो! तेव्हाच!"

"तेच ना," दत्तूभाऊ म्हणाले. "म्हनायचं होतं."

आमच्या ह्यांनी माझा हात दाबला. मी डोळ्यांत धूर गेल्याचं निमित्त केलं, आणि धूर होताही.

अंधारून यायला लागलं. डोंगर दिसत नव्हता, आभाळाला कुठे फट नव्हती. दत्तूभाऊ उठले, कमरेवर हात ठेवून क्षणभर थांबले, आणि वाफ्यात शिरून छत्र्या मिटायला लागले. दंव पडणार नव्हतं. ते त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तोडायच्या राहिलेल्या त्या ओळीच्या टोकाला आमची जुनी काळी छत्री होती. मी चिखलात पाय घातला आणि ती मिटली.