साहेबांच्या लिंबाला घरगुती सूर्य

लिंबाचं आणखी एक पान टपकन टेबलावर पडलं आणि हेडक्लार्कने ते पटकन खिशात घातलं.

झाड साहेबांचं, केबिनही साहेबांचीच. साहेब बायकोला घेऊन लांबलचक सुट्टीवर गेले होते. जाताना ऑफिसच्या खिडकीतली कुंडी त्यांनी स्वतः उचलून आपल्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये ठेवली आणि मॅडमसमोर बजावलं, "ही इथून हलवायची नाही. पाणी बेतानं. आल्यावर तुमच्या बदलीचं बघू."

त्या बदलीत हेडक्लार्कचा जीव अडकला होता. बायको नोकरीमुळे दुसऱ्या गावात, लेक तिच्याजवळ. लेक बापाला फक्त फोनवर ओळखायची. मागे हा प्रत्यक्ष दारात उभा राहिला, तर तिने त्याच्या पोटावर बोट दाबून त्याला बंद करायचा प्रयत्न केला होता.

त्यात मॅडमचा रोज दुपारी व्हिडिओ कॉल. "लिंबू दाखवा." हेडक्लार्क झाडाची पानं असलेली बाजू दाखवायचा. पण आता टकलाची बाजू वाढत चालली होती. शेवटी त्याने मेव्हण्याला फोन लावला. बायकोचा हा धाकटा भाऊ चार्जर दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि जगातली कुठलीही अडचण चार्जरचीच असते असं मानायचा.

"दाजी, ऊन पाहिजे ना? मग रडता कशाला? ऊन बनवू!"

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीच दोघं केबिनमध्ये हजर. मेव्हण्याने अ‍ॅल्युमिनियमचं मोठं ताट पालथं घातलं आणि त्यावर एलईडीच्या पट्ट्या चिकटवल्या.

"ताट कशाला?"

"पट्ट्या तापतात. ताट ती उष्णता ओढून घेतं. लाल आणि निळ्या पट्ट्या आणल्यात. झाडाला हिरवा उजेड फारसा नको असतो."

"अरे, झाडच तर हिरवं आहे!"

"म्हणून तर! तुम्हाला तरी आरशात बघून भूक लागते का?"

मेव्हण्याने लाल वायर लालला, काळी काळीला जोडली आणि जुन्या स्पीकरचा अ‍ॅडॅप्टर लावला. दिवा लागला, विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला.

"हा डोळा मारतोय आपल्याला," हेडक्लार्क म्हणाला.

"लोड झेपत नाही त्याला. एक अँपिअरचा जीव, आपण मागतोय पाच. हमालाला हत्ती उचलायला लावलाय." मेव्हण्याची नजर ऑफिसच्या दारावरच्या डब्यावर गेली. "तो बघा, बारा व्होल्टचा दणकट सप्लाय! कुणाचा?"

"दाराच्या कुलपाचा. बाहेरून बोट लावलं की दार उघडतं."

"म्हणजे दिवसभर नुसता लोळत पडलेला असतो. सरकारी खाक्या! लावू कामाला."

"मग दार?"

"दाराला लागतं ते फक्त एका खटक्यापुरतं. तेवढं भागेल हो."

वायर ओढली, जोडली. केबिन जांभळ्या उजेडाने भरून गेली. हेडक्लार्कला भरून आलं. तेवढ्यात बाहेर माणसं जमली. शिपायाने मशीनला बोट लावलं. कुलूप "टक" म्हणालं आणि गप्प बसलं. दिव्याने सगळा करंट प्यायला होता, कुलपाच्या वाट्याला नुसता वास.

"आत कोण आहे?" शिपाई ओरडला. "आतून जांभळं जांभळं काय दिसतंय?"

"चोर असेल!"

"चोर कशाला येईल? इथं आपण पगार घेऊनसुद्धा यायला तयार नसतो!"

बाहेर बोटांवर बोटं लागू लागली, दाराला खांदेही लागले. आणि नेमका मॅडमचा फोन वाजला. आज त्यांना दुपारी फिरायला जायचं होतं, म्हणून सकाळीच. घाबरलेल्या हेडक्लार्कच्या बोटाने फोन आपोआप उचलला.

मॅडमनी किंकाळी फोडली. "अहो, झाड काळं ठिक्कर पडलंय!"

जांभळ्या उजेडात हिरवी पानं कोळशासारखी दिसत होती.

"गेलं?" मॅडमच्या मागून साहेब स्क्रीनवर धावत आले. "खरंच गेलं?" त्यांचा चेहरा कशाने कोण जाणे, पण उजळला होता.

"नाही साहेब, ते रेंजमुळे… दिवा काढ रे!"

मेव्हण्याने वायर उपटली. त्याच क्षणी कुलपाला पोटभर करंट मिळाला, दार खाडकन उघडलं आणि दाराला टेकलेलं अख्खं ऑफिस एका गठ्ठ्याने आत आलं. सगळ्यांत पुढचा शिपाई थेट केबिनपर्यंत घसरला आणि कुंडीवर आदळला. कुंडी कलंडली. हेडक्लार्कने फोन मेव्हण्याकडे फेकला आणि झाडाला दोन्ही हातांनी कवटाळलं. लिंबाचे काटे शर्टातून थेट आत गेले.

"बघा मॅडम," तो कळवळून म्हणाला, "अगदी… टवटवीत आहे."

"अगंबाई, हिरवंच आहे की! किती जीव लावलाय हो तुम्ही! डोळ्यांत पाणी आलं तुमच्या!"

मेव्हण्याने मुकाट दुकानातला वेगळा सप्लाय आणून दिव्याला लावला. साहेब परतले तेव्हा लिंबाला कोवळी पालवी फुटली होती आणि चक्क कळ्या धरल्या होत्या. हेडक्लार्क हात जोडून उभा राहिला.

साहेबांनी कळ्यांकडे बघितलं, दार लावलं आणि खुर्चीत कोसळले.

"मी इथं असलो की रोज दुपारी हिचा फोन! 'लिंबू दाखवा.' अहो, लिंबू कोण बघतंय? लिंबू दाखवायला मी ऑफिसात आहे का ते बघते ती! किती वर्षं झाली, दुपारचा पत्त्यांचा एक डाव नशिबात नाही. म्हणून उन्हातून उचलून अंधारात ठेवलं. म्हटलं, मी नसताना जाईल बिचारं शांतपणे. आणि तुम्ही त्याला सूर्य आणून दिलात!"

हेडक्लार्कने जोडलेले हात सोडलेच नाहीत. "साहेब, मग माझी बदली…"

"बदली?" साहेब गरजले. "तुम्ही या ऑफिसात आहात तोवर हे झाड मरायचं नाही! आणा तो अर्ज इकडे!"

आणि त्यांनी अशी सही केली की कागद फाटता फाटता वाचला. "उद्याच निघा. आणि तो दिवा आधी काढा!"

हेडक्लार्क ताट काखेत मारून बाहेर पडला तो नाचतच. जिन्यातच मेव्हण्याचा फोन आला.

"दाजी, तुमच्या मॅडम शिपायाकडून पत्ता घेऊन दुकानात आल्यात. कळ्या बघून खूश आहेत. म्हणतात, साहेबांच्या केबिनमध्ये कायमचा पक्का दिवा बसवून द्या. काय करू?"

हेडक्लार्कने खिशातला सही झालेला कागद चाचपला आणि मोकळा श्वास घेतला.

"बसव की," तो म्हणाला. "फक्त उद्या माझी गाडी सुटल्यावर बसव."