परबबाईंचे बारा खेळाडू

आमच्या सोसायटीत रोज सकाळी बरोबर सात वाजता हजेरी घेतली जाते. मुलुंडच्या ज्या इमारतीत वॉचमनसुद्धा वेळेवर सापडत नाही, तिथे ही शिस्त आली कुठून, असं तुम्हाला वाटेल. हजेरी होते माझ्या भिंतीपलीकडे, परबबाईंच्या घरात, आणि ती असते अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या बाहुल्यांची.

‘घाडी कल्पना!’

‘हजर!’

‘जाधव मंगल!’

‘हजर!’

दोन्ही आवाज बाईंचेच. नाव घेताना त्या दरडावतात आणि ‘हजर’ म्हणताना आवाज जरा बारीक करतात. माझा चहा साधारण जाधव मंगलपर्यंत उकळतो. शेवटचं नाव ‘मोरे सुगंधा’. त्यापुढे मात्र ‘हजर’ ऐकू येत नाही. बराच वेळ काहीच ऐकू येत नाही, मग खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि हजेरी संपते.

शीला परब भांडुपच्या एका शाळेत पीटी शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे खो-खो शिकवायच्या. बाकीचे खेळ त्यांच्या मते वेळ घालवण्यासाठी होते. लग्न केलं नाही. सत्तरीला आल्या तरी पाठ सरळ, आणि गळ्यात शिट्टी. ती शिट्टी वाजलेली मात्र आमच्यापैकी कुणी ऐकली नव्हती. राहायला आलो त्याच आठवड्यात मी जिन्यात त्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणालो. त्या थांबल्या. ‘नाव काय?’ ‘जोशी.’ ‘जोशी, घशातून काय बोलतोस? पोटातून बोल.’ तेव्हापासून मी पोटातून गुड मॉर्निंग म्हणतो आणि वरच्या दोन मजल्यांवरूनही उत्तरं येतात.

बाहुल्यांचं प्रकरण सुरू झालं ते सोसायटीच्या गणपतीतल्या हाउजीमुळे. पहिलं बक्षीस मिक्सर, तो शहाभाभींना लागला. दुसरं बक्षीस म्हणजे तुकडे जोडून उभा करायचा खेळण्यांचा एक संच. जादूगार झाडूवर बसून आकाशात एक खेळ खेळतात, उंच खांबांवरच्या कड्यांतून चेंडू घालतात, त्या खेळाचं मैदान. ते लागलं बाईंना. शहाभाभींच्या नातवाने तिथेच भोकाड पसरलं. भाभी बिचाऱ्या मिक्सर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, तुम्हाला ह्याचा काय उपयोग? बदलून घ्या ना.’

बाईंनी चष्मा लावला, खोक्यावरच्या चित्रावर बोट ठेवून काहीतरी मोजलं आणि विचारलं, ‘ह्यात खेळाडू बारा आहेत ना?’

‘बारा लिहिलेत.’

‘मग तुमचा मिक्सर नको.’

म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

बाईंनी तीन दिवस दार लावून ते मैदान उभं केलं. माहितीपुस्तिकेत एक अक्षर नव्हतं, नुसती चित्रं होती, आणि हे त्यांना फारच आवडलं. ‘बघ आणि कर. बडबड नाही. कवायतीचं पुस्तक असंच पाहिजे.’ तुकडे निवडायला त्यांनी मिसळणाचा डबा काढला. मोहरीच्या वाटीत तपकिरी, हळदीच्या वाटीत पिवळे. बाईंची मोहरी त्यानंतर कुठे राहायला गेली ते माहीत नाही, पण एकदा त्यांच्याकडे पोहे खाताना माझ्या दाताखाली एक छोटी निळी खिडकी आली. ‘ती प्रेक्षकांच्या सज्जाची,’ असं म्हणून बाईंनी ती माझ्या हातातून घेतली, धुतली आणि जागेवर बसवली.

खरी अडचण आली ती झाडूंची. चित्रात खेळाडू झाडूवर टांग टाकून बसलेले. बाईंना हे मुळीच पटेना.

‘लक्ष्मी आहे ती. तिच्यावर पाय टाकून बसायचं? आणि वर खेळायचं?’

‘बाई, ते जादूगार आहेत.’

‘असतील. घरचं वळण नको?’

मग बारा झाडू दाराजवळ एका पेल्यात उभे राहिले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाईंनी काडीच्या टोकाने त्या बाराही झाडूंना हळदकुंकू वाहिलं. आमच्या हिने बोलावलं म्हणून बघायला गेलो आणि न विचारता हात जोडून आलो.

आता उडायची सोयच उरली नाही म्हटल्यावर खेळ जमिनीवर आला, आणि जमिनीवर बाईंना एकच खेळ माहीत होता. कड्यांचे दोन खांब त्यांनी मैदानाच्या दोन टोकांना रोवले. कड्या काढून फुलांच्या परडीत टाकल्या. मधे पांढऱ्या रांगोळीने रेघ आखली आणि त्या रेघेवर आठ जादूगार उकिडवे बसवले, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. तीन राखीव बाहेर. बसलेल्या आठांच्या मागे, जिथे धावणारी उभी राहते, तिथे मात्र कुणीच नाही. ज्यांनी हा संच बनवला त्यांनी हे पाहिलं असतं तर त्यांची वाचाच बसली असती.

‘सामना कधी?’ मी विचारायचो.

‘टीम पूर्ण झाल्याशिवाय शिट्टी नाही,’ बाई म्हणायच्या.

बाराव्या बाहुलीला केरात घालवून बसल्या असणार आणि कबूल करत नाहीत, असा मी तर्क केला. मला परोपकाराची अधूनमधून उबळ येते. घाटकोपरच्या बाजारात त्याच मापाची एक बाहुली मिळाली, हातात तलवार असलेली, ती मी घेऊन आलो. तलवार काढूनसुद्धा ठेवली. बाईंनी बाहुली हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

‘बदली खेळाडू एकदा घेतला होता, जोशी. पुरे झालं.’

तो दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही जरा रागावलो. माणूस आपल्या पैशाने तलवारवाला आणतो, त्याचं काही नाही!

पुढे एकदा सोसायटीच्या मीटिंगला मला पाच मिनिटं उशीर झाला. अध्यक्ष बाई. त्यांनी आतून कडी घातली होती. दुसऱ्या दिवशी मी तक्रार केली तेव्हा त्यांनी भिंतीवरची ढाल दाखवली आणि गोष्ट सांगितली.

‘बोरिवलीला फायनल होती. बस सातला. माझी सगळ्यात जोरात पळणारी पोरगी आली नाही. सातला बस सोडली. वळणावर मागे बघितलं तर ती येत होती धावत. नाही थांबवली. राखीवातली एक घेतली आणि ही ढाल आणली.’

‘तिला उशीर का झाला?’

‘म्हणे नळाला पाणी उशिरा आलं. वर टेकडीवर राहायची. कारणं काय, सगळ्यांकडे असतात.’

‘मग पुढे?’

‘पुढे काय? सात म्हणजे सात,’ असं म्हणून बाई पदराने ढाल पुसायला लागल्या. शिस्तीची फुशारकी आहे असं समजून मी मान डोलावली. पोरीचं नाव विचारायचं मला सुचलंही नाही.

गेल्या महिन्यात बाईंनी गुडघे बदलायचं ऑपरेशन करून घेतलं. बदली खेळाडू चालत नाही, गुडघे चालतात, असा एक विनोद मी तयार ठेवला होता, पण त्यांना स्ट्रेचरवर नेताना तो सांगवला नाही. गळ्यातली शिट्टी त्यांनी काढून घरच्या किल्लीसकट माझ्या हातात दिली. ‘उद्यापासून हजेरी तू घ्यायची. सात म्हणजे सात. मी फोनवर असेन.’

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी त्यांच्या घरात होतो. हजेरीचा पट खणात होता. खण ओढला तर पटाशेजारी कुंकवाच्या जुन्या डबीत, कापसावर, बारावी बाहुली निजलेली. म्हणजे हरवली नव्हतीच. पट शाळेचा होता, जुना, पिवळा पडलेला. मागची कोरी पानं बाई वापरत होत्या. फोन लावला आणि नावं घ्यायला सुरुवात केली.

‘घाडी कल्पना.’

‘हजर,’ हॉस्पिटलच्या खाटेवरून बाई म्हणाल्या.

अकरा नावं अशी झाली. ‘मोरे सुगंधा,’ मी म्हणालो. पलीकडे शांतता. मी पेन टेकवलं.

‘काय लिहितोयस?’

‘ग. गैरहजर.’

‘खबरदार! रिकामं ठेव.’

मी सहज पटाची आधीची, भरलेली पानं उलटली. शाळेतली खरी हजेरी. सगळ्यांच्या नावापुढे ‘ह’, मधेच कुठे ‘ग’. मोरे सुगंधाच्या पुढे सलग ‘ह’, आणि मग एका दिवसापासून वर्ष संपेपर्यंत नुसते रिकामे चौकोन. एकही ‘ग’ नाही. पोरगी परत शाळेत आलीच नव्हती, आणि बाईंनी तिला एक दिवसही गैरहजर लावलं नव्हतं.

‘किती वाजले?’ बाईंनी विचारलं.

‘सात वाजून पाच.’

‘दहा मिनिटं थांबायचं असतं. नळाला पाणी उशिरा आलं असेल.’

दोन वर्षं भिंतीपलीकडून रोज ती शांतता मी ऐकली होती आणि चहा पिऊन मोकळा झालो होतो. मी डबीतून बाहुली उचलली आणि आठजणींच्या मागे, रिकाम्या जागेवर उभी केली.

‘बाई, आली ती,’ मी म्हणालो. ‘धावत आलीय. धापा टाकतेय.’

पलीकडे खाट करकरली. मग बाई म्हणाल्या, ‘रागावू नकोस हां तिला.’

‘नाही बाई.’

‘हजर लाव.’

मी ‘ह’ लिहिला.

‘आता शिट्टी वाजव.’

शिट्टी तोंडात धरली, पण काही केल्या वाजेना. नुसती हवा जात होती.

‘जोशी,’ बाई म्हणाल्या. त्यांचा स्वतःचाच आवाज त्या दिवशी घशातून येत होता. ‘पोटातून.’