एक नंबरचे साहेब

नांदेडच्या त्या बियाणे कंपनीत इंटरनेटवर चालणारे नवे फोन आले, तेव्हा कुणाला कोणता नंबर द्यायचा हे ठरवण्याचं काम ऑफिस सुपरिटेंडेंट श्रीमंतरावांनी दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊच दिलं नाही. फोन बसवणाऱ्या मल्लेशनं सगळ्यांना तीन आकडी नंबर सुचवले, त्यांनाही. श्रीमंतराव दुखावले.

"शिपायाला तीन आकडे अन् मला बी तीनच?"

"मग चार देऊ का साहेब?"

"येडा हायस का? मोठ्या माणसाचा नंबर बारीक असतो. मला नुसता एक दे. बाकीच्यांना एकशे एकपासून फुडं."

मल्लेशला मुखेडची एसटी गाठायची होती. सांगितलं तसं भरून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं आणि श्रीमंतरावांचा फोन वाजायला लागला. पहिला फोन घेताना त्यांनी घसा खाकरून आवाज जड केला.

"मलप्पा, दोन चहा पाठव. एक बिनसाखरेचा."

हा कँटीनचा फोन नाही असं त्यांनी गुरकावून सांगितलं. लगेच पुन्हा घंटी वाजली. या वेळी अकाउंट्सच्या सिंधुबाई होत्या. त्यांना गोदामातली मनिषा हवी होती.

"मनिषा, टकल्या आला का गं? त्याच्या तोंडाला लागायच्या आधी डबा खाऊन घेऊ."

"कोण टकल्या?" श्रीमंतरावांनी विचारलं. सिंधुबाईंनी रिसिव्हर असा आपटला, की तो आवाज भिंतीपलीकडून फोनशिवायही ऐकू आला.

मग त्यांनी विक्री विभागातल्या दिपालीला बोलावलं. तिनं बाहेरच्या टेबलावरून गोदामाचा एकशे बारा नंबर लावायला घेतला. पहिला आकडा दाबताच श्रीमंतरावांच्या टेबलावर घंटी वाजली.

"साहेब, एक दाबला की मशीनला वाटतं तुमचाच नंबर झाला. फुडच्या आकड्यांसाठी ते थांबतच न्हाई. तुमचा नंबर बदला, सगळं नीट हुईल."

नंबर बदलायचा म्हणजे चुकलो म्हणायचं. ते श्रीमंतरावांच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं.

"बिघाड न्हाई हा. मीच मुद्दाम ठेवलंय तसं. हितून फुडं ऑफिसचा एकेक फोन माझ्या नजरंखालून जाईल."

"फोन नजरंखालून?"

"कानाखालून!" श्रीमंतराव ओरडले, आणि आपण काय बोललो हे कळल्यावर आणखी चिडले.

अशा तऱ्हेनं ते ऑफिसचे सगळ्यात मोठे साहेब आणि एकुलते एक ऑपरेटर झाले. त्यातही गंमत अशी, की आलेला फोन पुढं जोडून देणंही त्यांना जमेना. एकशे बारा लावायला जावं, तर त्यांचा फोन त्यांनाच शोधायचा आणि बिझी लागायचा. मग उठायचं, जिना उतरायचं, गोदामात जाऊन सोयाबीनच्या पिशव्यांचा निरोप सांगायचा आणि उत्तर घेऊन धापा टाकत वर यायचं. लोकांनी शेजारच्या खोलीत चार पावलं जाऊन काम केलं असतं, पण आता कुणालाच खुर्चीतून उठावंसं वाटेना. कँटीनच्या मलप्पानं तर येताना रिकामे कप घेऊन या, असं साहेबांनाच सांगितलं.

दुपारी ते निरोप पोचवून नुकते टेकले होते, तेवढ्यात पुन्हा घंटी वाजली.

"धम्मानंद, मी रामकिशन बोलतोय, लातूरहून."

श्रीमंतराव ताडकन उभे राहिले. खुद्द मालक! लातूरच्या शाखेतही हेच फोन होते, याच नंबरांनी जोडलेले. शेठनी आस्थापना विभागाच्या धम्मानंदला लावलेला फोन इथं येऊन पडला होता. लातूरला मॅनेजर नेमायचा होता आणि त्या खुर्चीवर श्रीमंतराव मनानं कधीच जाऊन बसले होते. त्यांनी रिसिव्हरवर रुमाल धरला.

"बोला शेठ."

"आवाज का असा?"

"सर्दी झालीय शेठ."

"बरं. आपला श्रीमंतराव माणूस म्हणून कसाय? खरं सांग, कुणाला कळणार न्हाई."

अशी संधी कुणाला मिळते? श्रीमंतरावांनी स्वतःबद्दल जीव तोडून सांगायला सुरुवात केली. "लई हुशार माणूस शेठ! समदं ऑफिस त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर हाय. साधा निरोप बी त्यांच्याबगर पोचत न्हाई. ते एक दिवस नसले तर कुलूप लावावं लागंल!"

श्रीमंतरावांना लातूरची खुर्ची मऊ लागायला लागली.

"इतकं अडतंय त्याच्यावाचून?"

"लई अडतंय शेठ!"

"मग त्याला हलवून चालायचं न्हाई. ऱ्हाऊ दे तिथंच. लातूरला दिपालीला पाठव. पोरगी चलाख हाय."

"शेठ, पण..."

"पण काय? तूच तर सांगून राहिलास. अन् हे बघ, श्रीमंतला वाईट वाटंल. तूच त्याला नीट समजावून सांग. संध्याकाळी मी विचारतो तुला."

फोन बंद झाला. श्रीमंतरावांनी रिसिव्हरवरचा रुमाल काढून कपाळ पुसलं. शेठनी संध्याकाळी मोबाईलवर खऱ्या धम्मानंदला गाठलं तर सगळंच बाहेर येणार होतं. ते जड पावलांनी उठले आणि आस्थापना विभागाकडं निघाले. श्रीमंतरावांना काय समजावून सांगायचं, ते आता श्रीमंतरावांनाच धम्मानंदला सांगायचं होतं.