एक इंच मोठा पडदा

विजयादशमीच्या सकाळी हालेशने कॉम्प्युटरचा नवा पडदा सुरू केला आणि त्यावर उमटलेली नवरी पाहून त्याच्या हातातली कॉफी लुंगीवर सांडली. नवरी फुगली होती. नवरा फुगला होता. मागे उभे असलेले मठाचे स्वामी दोन्ही बाजूंना असे पसरले होते, की त्यांच्या कपाळावरची विभूतीची तीन बोटं थेट कानांपर्यंत पोचली होती.

"अहो, हे लग्न कुणाचं?" गंगाने पदराला हात पुसत विचारलं.

"शरणम्मांच्या थोरलीचं."

"एवढी जाड नव्हती हो ती!"

"तिला काही झालेलं नाही. पडद्याला झालंय," हालेश म्हणाला आणि पहिली नजर त्याने रस्त्यापलीकडे टाकली. तिकडे 'नक्षत्र डिजिटल'च्या काचेमागे कोट्रेश बसला होता. त्याच्या पडद्याचा निळसर उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला होता आणि तो शीळ घालत होता. ऐकू येत नव्हती, पण ओठांवरून कळत होतं.

दावणगेरेच्या त्या रस्त्यावर लग्नाचे फोटो काढणारे आणि अल्बम बनवणारे दोघेच. हालेशचा 'श्रीगुरू स्टुडिओ' बारा वर्षांचा, कोट्रेशचा तीन. तीन वर्षं हालेशने त्याला मोठ्या मनाने सहन केलं होतं. पण श्रावणात कोट्रेशने दारापेक्षा थोडाच लहान असा पडदा आणून लावला आणि हालेशचं मोठं मन त्याच दिवशी आटलं. त्यात गंगा एकदा साखर मागायला तिकडे गेली आणि परत येऊन म्हणाली, "काय स्पष्ट दिसतं हो कोट्रेशअण्णांकडे! नवरीच्या नथीतला मोतीसुद्धा मोजता येतो." नथीत मोती किती असतात, हे हालेशने विचारलं नाही. त्या दिवशी तो जेवलाही नीट नाही. दसऱ्याच्या आठवड्यात त्याने तसाच पडदा मागवला, फक्त एक इंचाने मोठा. तो एक इंच त्याने दुकानदाराकडून दोनदा मोजून घेतला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेला त्याने कॅमेरे, दिवे, कातरी, सगळं ओळीने मांडलं. प्रत्येकाला विभूतीची तीन बोटं ओढली, कुंकू लावलं, फूल वाहिलं. पडद्यापाशी आल्यावर मात्र त्याला राहवेना. पलीकडून कोट्रेश टक लावून बघत होता. हालेशच्या मते ती नजर होती, आणि नजर आत शिरणार ती तारेतूनच. म्हणून त्याने ओल्या विभूतीत बोट बुडवलं आणि केबलच्या तोंडातच चांगलं फिरवलं, मग ते तोंड पडद्याच्या पाठीत खुपसलं. कोहळा फोडतानाही त्याने तोंड कोट्रेशच्या दाराकडे केलं. एक फोड उडून तिकडच्या पायरीवर गेली. कोट्रेशने ती उचलून बाजूला ठेवली आणि हात जोडून म्हणाला, "शुभ होऊ दे, अण्णा." हेसुद्धा हालेशला झोंबलं.

आणि आता हे! पडद्याचं खरं माप होतं तीन हजार आठशे चाळीस बाय दोन हजार एकशे साठ. हालेशने ते खोक्यावर वाचून पाठ केलं होतं. पण कॉम्प्युटरच्या यादीत तो आकडाच नव्हता. यादी एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्टपाशी संपत होती, आणि एवढुसं चित्र त्या एवढ्या पडद्यावर ओढूनताणून बसवलेलं होतं.

"कोट्रेशअण्णांना बोलवू का? त्यांना कळतं यातलं," गंगा म्हणाली.

"दुकानाला टाळं लावीन, पण त्याला बोलावणार नाही."

मग वीरेश आला. हा गावातले कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि प्रत्येक बिघाडाला आधी तोंडाने च्चच् च्चच् करायचा. त्याने ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. नवरी जाडच. मग कार्ड म्हातारं झालंय म्हणाला. संध्याकाळपर्यंत नवं कार्ड बसलं. नवरी तशीच.

"अण्णा, त्याचं असं असतं," वीरेश घाम पुसत म्हणाला, "कार्ड पडद्याला विचारतं, बाबा, तुझं माप काय? पडद्याने सांगायचं. तुमचा पडदा तोंडच उघडत नाही. मग कार्ड बिचारं घाबरून सगळ्यात लहान माप देतं."

"नवा आहे. लाजत असेल," गंगा म्हणाली.

"केबल बघू का जरा?" वीरेशने पडद्यामागे हात घातला.

हालेशने तो वरच्या वर धरला. "पूजा झालीय तिची! विभूती आपोआप झडेपर्यंत हात लावायचा नाही."

वीरेश स्वतः रोज शिवपूजा केल्याशिवाय पाणी न पिणारा. त्याने कानाला हात लावला, "चुकलो," म्हणाला आणि हत्यारं गोळा करून गेला.

सोमवारी शरणम्मा अल्बम बघायला येणार होत्या. मंडईत त्यांच्या यजमानांचं तांदळाचं मोठं दुकान, पण ते फक्त गादीवर बसायचे. व्यवहार बाई बघायच्या. दीपावलीनंतर त्यांच्या धाकटीचं लग्न होतं. त्या जाताजाता बोलून गेल्या होत्या, "थोरलीचा अल्बम मनासारखा झाला तर धाकटी तुमच्याकडे, हालेशप्पा. नाहीतर समोर आहेतच." तो 'समोर' शब्द हालेशच्या डोक्यातून जाईना. सगळ्या दावणगेरेत 'समोर' म्हणजे एकच माणूस, असं त्याला वाटू लागलं होतं.

तेव्हा त्याने बाह्या सरसावल्या. पडदा लोकांना जाड करतो ना? मग आपण त्यांना बारीक करू. एकेक फोटो घेऊन तो दोन्ही बाजूंनी दाबत गेला, डोळ्याला बरा दिसेपर्यंत. दाबल्यामुळे कडेला जी जागा उरली तिथे मोगऱ्याच्या माळा सोडल्या. ऐंशी पानं झाली. सोमवारी शरणम्मांनी पडद्यासमोर बसून ती सगळी पाहिली, "माणसं माणसांसारखी आहेत," म्हणाल्या आणि छापायला पाठवा म्हणून निघून गेल्या. हालेशने मुद्दाम बाहेर येऊन, पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांना पुन्हा एकदा नमस्कार केला.

पुढच्या आठवड्यात छापलेला अल्बम आला. हालेशने खोकं उघडलं आणि पहिलं पान उलटलं. कागद काही पडद्यासारखा ताणलेला नव्हता. कागदावर सगळं लग्न दोन्ही बाजूंनी चेपलेलं होतं. नवरा मुळातच काडीपैलवान, त्याची आता उदबत्ती झाली होती. गाडीची चाकं अंड्यासारखी. पंगतीतल्या होळिग्या, म्हणजे पुरणपोळ्या, करंजीसारख्या लांबट. स्वामींच्या कपाळावरची तीन बोटं आखडून भुवयांच्या मधे आली होती.

"झाकून ठेव!" तो गंगाला म्हणाला. पण तेवढ्यात दारात चपला वाजल्या आणि शरणम्मा आत आल्या.

त्यांनी अल्बम मांडीवर घेतला. एक पान, दोन पानं, पाच पानं. हालेशला खिडकीतून कोट्रेश दिसत होता. तो मान उंच करून बघत होता, आणि त्याला आता सगळं कळणार, ह्या विचाराने हालेशचे कान गरम झाले.

"हालेशप्पा, इकडे या."

"चूक झाली अक्का, मी पुन्हा छापून..."

"गप्प बसा. ही कोण?" शरणम्मांचं बोट जांभळ्या साडीतल्या एका सडपातळ बाईवर होतं.

"तुम्हीच, अक्का."

"मीच ना?" त्यांनी अल्बम उचलून डोळ्यांजवळ नेला. "लग्नात माझ्या जावा पाठीमागे म्हणत होत्या, साडीला नऊ मीटर लागले असतील. आता एकेकीला बोलावते आणि दाखवते." मग पान उलटून आपल्या यजमानांच्या फोटोकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. "यांना मात्र जास्तच बारीक केलंत. यांचं पोट ही आमच्या दुकानाची पाटी आहे. असो. धाकटी तुमच्याकडेच. महिनाअखेर साखरपुडा. पण एक आताच सांगून ठेवते, धाकटी माझ्यावर गेलीय."

त्या जावांनी तो अल्बम पाहिला, त्यांच्या बहिणींनी पाहिला, आणि पंधरा दिवसांत हालेशच्या दारात बायकांच्या चपलांची रांग लागली. कुणाला बारशाचे फोटो हवे होते, कुणाला पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचे पुन्हा करून. हालेश सगळ्यांना पडद्यावर फुगवत होता आणि डोळ्याला बरे दिसेपर्यंत दाबत होता. मधूनच तो पलीकडे बघायचा. कोट्रेशची शीळ बंद झाली होती. हालेशला त्या दिवसांत भूक फार छान लागायची.

एका दुपारी कोट्रेश स्वतःच रस्ता ओलांडून आला. हातात चुरमुऱ्यांची मंडक्की आणि गरम मिरचीभजीचा पुडा.

"अण्णा, खरं सांगतो, राहवेना," तो स्टुलावर बसत म्हणाला. "श्रावणात मी एवढा मोठा पडदा का घेतला, माहीत आहे? तुमच्या दारातल्या चपला मोजत बसायचो मी. जळायचो. आता तर मोजणंही सोडलं. कुठलं सॉफ्टवेअर वापरता, तेवढं सांगा."

हालेशला इतकं बरं वाटलं, की त्याने गंगाला दोन कॉफ्या सांगितल्या आणि स्वतःच्या हाताने त्याला मिरची वाढली. "सॉफ्टवेअर कसलं रे! डोळा लागतो," तो म्हणाला आणि मोठ्या मनाने पडदा त्याच्याकडे वळवला. त्याच्यावर शरणम्मांची धाकटी होती, नमुन्यासाठी काढलेले फोटो, निम्मे दाबून झालेले.

कोट्रेशने एकदा बघितलं आणि भुवया उंचावल्या. "अण्णा, हा पडदा आपल्या मापात नाहीये! तुम्ही असंच काम करता? थांबा." आणि हालेश कॉफीचा पेला खाली ठेवेपर्यंत त्याने मागे हात घालून केबल उपसलीसुद्धा. "हे काय? तोंडात विभूती!"

"अरे, पूजेची..."

फू! कोट्रेशने जोरात फुंकर मारली, शर्टाच्या टोकाने तोंड पुसलं आणि केबल परत खुपसली. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग उजळला. तीन हजार आठशे चाळीस बाय दोन हजार एकशे साठ. हालेशने महिनाभर ज्याची वाट पाहिली ते त्याच्यासमोर होतं. साडीचा धागा न् धागा दिसत होता. नथीतला मोतीही. कोट्रेशच्या पडद्यापेक्षा एक इंच जास्त.

"झालं!" कोट्रेश खुशीत म्हणाला. मग त्याने दाबलेले फोटो पाहिले, न दाबलेले पाहिले, आणि आपल्या शर्टाच्या टोकाला लागलेल्या विभूतीकडे पाहिलं. "अच्छा," तो हळूच म्हणाला. उरलेली मिरची तशीच टाकून तो रस्ता ओलांडून गेला.

हालेशचं काम त्या दिवसापासून अडलं. नीट दिसणाऱ्या माणसाला मुद्दाम दाबायचं म्हणजे हात धजेना. थोडं दाबलं तर फरक दिसेना, जास्त दाबलं तर पाप वाटे. शेवटी त्याने गंगाकडून विभूती मागून घेतली आणि केबलच्या तोंडात पुन्हा बोट फिरवलं. पडदा संपूर्ण काळा झाला. पुसून थोडी कमी लावली, तर अगदी चकचकीत स्पष्ट दिसायला लागलं. सलग तीन दिवस त्याचा हा उद्योग चालला. कधी काळोख, कधी मोती. जाड म्हणून कुणी होईना. इकडे साखरपुडा आटोपला, फोटो येऊन पडले, आणि शरणम्मांचा रोज निरोप येत होता, "धाकटी कशी दिसते?" धाकटी जशी होती तशीच दिसत होती.

चौथ्या दिवशी गंगा वाटीभर साखर घेऊन रस्त्यापलीकडून परत आली. चेहऱ्यावर तोच श्रावणातला भाव होता.

"अहो, कोट्रेशअण्णांना पहिल्याच बोटाला जमलं म्हणे! विभूती थेट मठातून आणलीय त्यांनी, भस्म अगदी मऊ आहे. काय छान जाड दिसतात हो सगळे त्यांच्याकडे!"

हालेश उठला. त्याने खिडकीतून पाहिलं. कोट्रेशच्या दारात चपला होत्या. त्यातली शरणम्मांची जांभळ्या पट्ट्यांची मोठी जोडी त्याने लगेच ओळखली. पलीकडे कोट्रेश पुन्हा शीळ घालत होता.

हालेशने गंगाच्या हातातली वाटी घेतली, साखर डब्यात रिकामी केली आणि वाटी पुसून स्वच्छ केली. मग कॉलर नीट करून, तीन वर्षांत पहिल्यांदाच, तो रस्ता ओलांडून गेला आणि काचेच्या दारावर टकटक केली.

"कोट्रेशप्पा," तो वाटी पुढे करत म्हणाला, "थोडी विभूती आहे का रे? आमची संपली."