वर जाऊन खाली येईपर्यंत

दाणीसाहेबांना "चहा घेणार?" असं विचारलं, तरी ते लगेच उत्तर देत नसत. आधी त्यांचं बोट छताकडे जायचं, तिथे जरा थांबायचं, मग कमानीसारखं वळून खाली यायचं. त्यानंतर, "घेऊ की!"

भोपाळला आमच्या कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये ते शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत. मुलगी शुभा लग्न होऊन अमेरिकेला गेली आणि हे बोट सुरू झालं. त्यांचा फोनचा अर्ज अजून रांगेत होता, त्यामुळे तिचे फोन आमच्याकडे येत.

"आवाज जमिनीवरच्या केंद्रातून वर उपग्रहाकडे जातो," ते समजावत. " छत्तीस हजार किलोमीटर! मग तितकाच खाली. मध्येच तोंड घातलंत की दोघांचीही वाक्यं वाया. बोललं की थांबायचं, भई!"

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला, तोही फिजिक्सवाला. मला हे शिकवायची गरज नव्हती. पण साहेब दूधवाल्यालाही सोडत नसत. जावयाला तर त्यांनी फोनवरच पक्कं तयार केलं होतं.

मग शुभाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. ते झालं की जावई कळवणार होता. त्या दिवशी साहेब सकाळीच येऊन आमच्या फोनसमोर बसले, दाढीही न करता. माझ्या बायकोनं, सुमननं, पुढे ठेवलेले पोहे तसेच वाळून गेले.

एकदाची घंटी वाजली.

"हॅलो, शुभा कशी आहे?" साहेबांनी रिसीव्हर उचलताच विचारलं.

नेमकं त्याच वेळी तिकडून "बाबा, ती..." एवढं ऐकू आलं. वाक्यांची टक्कर झाली आणि दोघेही शिस्तीत गप्प! साहेबांचं बोट वर गेलं, खाली आलं. तिकडून शब्द नाही. पुन्हा वर. जावईही सासऱ्यांसाठी थांबला असणार, हे मला कळत होतं. साहेबांना त्या क्षणी कळत नव्हतं. ते आमच्याकडे वळले. "हा बोलत का नाही?"

सुमननं रिसीव्हर ओढून घेतला. "अहो जावईबापू, बोला ना! इथे माणसाचा जीव चाललाय!"

तिनं ऐकलं, डोळे पुसले आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. "घ्या. तुम्हीच ऐका."

"शुद्धीवर आली," ते आम्हाला म्हणाले. "पाणी मागितलं तिनं."

फोन संपला. साहेब चपला घालून दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. त्यांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं.

"सुमनताई," ते म्हणाले, "घरी जाऊन आता हे सांगू कुणाला?"

"आम्हाला सांगा की. बसा."

ते बसले आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. सुमन प्रत्येक वाक्याला "हो का?" म्हणत होती.