मास्तर दुखण्याला गुण देतात

"पेशंटशी कसं बोलायचं, हे मला कोणी शिकवू नये!" मोठ्या सिस्टर भर वॉर्डात म्हणाल्या, तेव्हाच कुठेतरी पाल चुकचुकली असणार.

बाईंचं अगदीच खोटं नव्हतं म्हणा. त्या नुकत्याच संवादकौशल्याचं शिबिर करून आल्या होत्या. तिथून एक बिल्ला आणला होता आणि एक मंत्र. दुखणं किती आहे ते पेशंटलाच विचारा, शून्य ते दहा. तो सांगेल तो आकडा खरा, बाकी सगळं झूट! बिल्ला छातीवर, मंत्र जिभेवर. डोळ्यांना आता कामच उरलं नव्हतं, ते आपले शोभेपुरते.

खिडकीजवळच्या खाटेवर एक निवृत्त गणिताचे मास्तर दाखल झाले होते. पोटात दुखत होतं. सर्जन तपासून म्हणाले, "अपेंडिक्स दिसतंय. थोडं थांबून बघू. पण सिस्टर, दुखणं पाचच्या वर गेलं की लगेच मला फोन. आत फुटलं तर जिवाशी गाठ आहे."

"तुम्ही निश्चिंत जा हो!" सिस्टर म्हणाल्या. सर्जन बिचारे खरंच निश्चिंत गेले.

"मास्तर, दहापैकी किती?"

मास्तरांनी डोळे मिटून नीट विचार केला. "दोन."

"शाब्बास!"

दुपारी परत विचारलं, तर म्हणाले, "अडीच."

"अर्ध्याला आमच्या तक्त्यात जागा नाही, मास्तर."

"मग दोनच ठेवा. फुकटचे गुण मी देत नाही."

सिस्टरांना हे उत्तर फार आवडलं. असा समजूतदार पेशंट मिळायला भाग्य लागतं!

संध्याकाळी मास्तर गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडले होते. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, आणि खाटेचा कठडा असा घट्ट धरलेला की जणू खाट पळून चालली होती. शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेला विमा एजंट न राहवून म्हणाला, "सिस्टर, या काकांचं काही ठीक दिसत नाही हो!"

"तुम्ही आपल्या पायापुरतं बघा! मास्तर, किती?"

"ती... तीन."

"ऐकलंत? स्वतः तीन म्हणतायत! आता तुमच्यासाठी वेगळा आकडा आणू का?" आणि सिस्टरांनी सुवाच्य अक्षरात तीन लिहून टाकले.

तेवढ्यात मास्तरांच्या पत्नी, म्हणजे वॉर्डाच्या काकू, घरून टॉवेल, कपडे घेऊन आल्या. नवऱ्याला बघितलं आणि पिशवी खाली टाकली.

"अगं बाई! हे काय झालं यांचं?"

"काही नाही काकू, तीन आहे फक्त."

"तीन? यांनी दिले?" काकूंचा आवाज चढला. "अहो सिस्टर, या माणसानं जन्मात कोणाला चारच्या वर गुण दिलेले नाहीत! वर्गात पहिला आलेल्या पोराला साडेतीन दिले आणि खाली लिहिलं, हुरळून जाऊ नये! तीन म्हणजे हे मरायला टेकलेत!"

सिस्टर खाटेवर वाकल्या. त्यांनी पहिल्यांदाच मास्तरांच्या पोटाला हात लावला. पोट फळीसारखं कडक! त्या फोनकडे पळाल्या.

"आकडा किती?" सर्जनांनी विचारलं.

"तीन."

"मग फोन कशाला केलात?"

"अहो, मास्तरांचे तीन आहेत! या ना लवकर!"

ऑपरेशन झालं. बाहेर येऊन सर्जन एवढंच म्हणाले, "थोडक्यात वाचले." सिस्टर भांडारखोलीत गेल्या, दार लावलं आणि चादरींच्या गठ्ठ्यावर बसून मनसोक्त रडल्या. चूक आपली होती, हे त्यांना कळलं होतं. फक्त कोणती, हे नीट कळलं नव्हतं.

कारण बाहेर आल्या त्या नवीन सूत्र घेऊनच. मास्तरांचा आकडा तिनाने गुणायचा!

दुसऱ्या दिवशी त्यांनी दारातूनच विचारलं, "मास्तर, किती?"

"सहा."

सहा त्रिक अठरा! सिस्टरांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. फोन, धावाधाव, स्ट्रेचर! सर्जन हातातला घास टाकून आले. बघतात तर मास्तर उशीला टेकून पेपरातलं कोडं सोडवत बसलेले.

"मास्तर, सहा कुठे दुखतंय?"

"खरं म्हणजे दोनच आहेत," मास्तर ओशाळून म्हणाले. "पण आमच्या हिनं दम दिला, यापुढे सढळ हातानं द्या म्हणून. चार वाढीव आहेत."

सर्जनांनी सिस्टरांकडे वळून अगदी हळू विचारलं, आणि तेच जास्त लागलं. "सिस्टर, तुम्ही एकदा तरी पेशंटच्या तोंडाकडे बघितलंत का?"

झालं! बाईंनी हे काळजावर कोरून घेतलं. आता विचारणं बंद. फक्त बघायचं!

तिसऱ्या दिवशी त्या मास्तरांच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या. हात मागे, ओठ घट्ट मिटलेले, डोळे वटारलेले.

"नमस्कार सिस्टर," मास्तर म्हणाले. उत्तर नाही. सिस्टर त्यांची नखं बघत होत्या.

"रिपोर्ट आला का काही?" उत्तर नाही. सिस्टर ओठांचा रंग बघत होत्या.

"वाईट आहे का?" मास्तरांच्या कपाळावर घाम आला. घाम बघून सिस्टरांच्या कपाळावर आठ्या आल्या. आठ्या बघून मास्तरांना आणखी घाम आला. सिस्टर आणखी वाकून बघू लागल्या.

काकू डबा घेऊन आल्या आणि दारातच थिजल्या. "अहो सिस्टर, काय झालं यांना?" सिस्टरांनी न बोलता बोट वर केलं: थांबा!

काकू तशाच खाटेशी धावल्या. मास्तरांनी त्यांचा हात धरला. "अगं, माझं काही खरं दिसत नाही. एक सांगायचं राहिलं. तुझ्या स्वयंपाकाला मी जन्मभर अडीच देत आलो. आठ होते गं ते, आठ!"

काकूंनी हंबरडाच फोडला.

"मास्तर!" सिस्टरांना अखेर वाचा फुटली. "किती?"

"दहा!" आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांच्या तोंडून हा आकडा बाहेर पडला. "दहापैकी दहा!"

"कुठे दुखतंय?"

"दुखत कुठेच नाही हो! तुम्ही अशा बघताय ना, त्या भीतीचे दहा!"

विमा एजंट प्लास्टरसकट हसत सुटला. सिस्टर लाजेनं लालबुंद झाल्या. "चुकलं हो मास्तर. सगळं उत्तम आहे तुमचं. परवा घरी जाल."

मास्तरांनी सुस्कारा सोडला. काकूंनी डोळे पुसले. "मग माझे आठ पक्के ना?"

मास्तरांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "ते जरा घाईत दिले गेले. फेरतपासणी करावी लागेल."

काकूंनी शांतपणे डबा उघडला, ताटली मास्तरांपुढे ठेवली आणि सिस्टरांना म्हणाल्या, "सिस्टर, इकडे या बरं जरा. आणि यांचं जेवण होईपर्यंत मघाशी बघत होतात ना, तश्शाच बघत उभ्या राहा!"